‘माझी मैना’ : एका छक्कडीचा इतिहास



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की किल्ले, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मी कॉलेजची पायरी न चढलेला माणूस. गिरणीकामगाराच्या घरात वाढलो, कामगार संघटनेत वावरलो, आणि सार्वजनिक वाचनालयात बसून मिळाले तेवढे शिकलो. तेव्हा मी आज एका गाण्याचा इतिहास सांगणार आहे. ते गाणे म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. शाळेशी त्यांचा संबंध अवघा दीड दिवसाचा, असे सांगतात. पोटासाठी कुटुंब मुंबईकडे निघाले ते पायी. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीतही केले, आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना चळवळ भेटली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. डफ आणि तुणतुणे तमाशाचेच होते. विषय मात्र भाकरीचा, संपाचा आणि चाळीतल्या बिऱ्हाडाचा आला.

याच सुमारास भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मराठी माणसाची निराशा झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, फेब्रुवारीत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य माथी मारले गेले. बेळगाव, कारवार आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. शंभराहून अधिक माणसे या लढ्यात कामी आली. त्यांत कामगारांचा भरणा मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

या लढ्यात ही छक्कड मैदानामैदानांतून गाजली. छक्कड हा लावणीच्या घराण्यातला प्रकार. फडातला प्रेक्षक तिच्याकडून शृंगाराची अपेक्षा करी. अण्णा भाऊंनी त्याला निराश केले नाही. आरंभी मैनेचे रूप आहे, तिचा साज आहे. परंतु तो साज ऐकता ऐकता पहाट होते, भाकरीचे गाठोडे बांधले जाते, आणि गरिबी नवराबायकोची ताटातूट करते. पुढे मुंबई येते. तिथे बेकारांची गर्दी आहे, आणि त्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. आणि मग शाहीर एकदम वळण घेतो. जी गत माझ्या मैनेची, तीच तुटलेल्या मुलखाची, असे तो म्हणतो.

या वळणातच गाण्याचे सारे बळ आहे. ‘भाषिक राज्य’ हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणातला. तो खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, खाणावळीत जेवणाऱ्या आणि महिन्याला गावी मनिऑर्डर धाडणाऱ्या कामगाराला कसा उमगावा? शाहिराने त्याला नकाशा दाखविला नाही. त्याचेच घर दाखविले. ज्याचे माणूस मागे राहिले आहे, त्याला सुटलेला मुलूख समजावून सांगावा लागत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिली. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेली. सीमेचा प्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि दीड महिन्याच्या आत अमर शेखही गेले. गाणे मात्र राहिले. विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांच्या गळ्यातून ते पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले.

परंतु ते कसे राहिले, याविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कामगार दिनाच्या कार्यक्रमात एका तरुण गायकाने ही छक्कड धरली. सभेला उशीर होत होता. मैनेचे वर्णन संपताच मी त्याला खुणेने थांबविले. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर कंटेनर यार्डातला एक कंत्राटी कामगार माझ्याजवळ आला. गाव बीडकडले, बायकामुले तिकडेच. तो म्हणाला, ‘‘भाऊ, बाई तेवढी ऐकवलीत. माणसाचं राहूनच गेलं की.’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे वडील वर्षानुवर्षे परळला आणि आई गावी. आणि तेच कडवे मी घड्याळाकडे पाहून कापले होते.

आपल्या उलव्याला तर हे गाणे पुरते ऐकण्याचे अधिकच कारण आहे. येथल्या आगरी-कोळी माणसाला मुंबईला जावे लागले नाही. मुंबईच त्याच्या दारी आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या. शेजारच्या जासईच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी उठले, पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. पुढे विमानतळासाठी दहा गावठाणे हलविली गेली. त्यांत जुने उलवेही होते. डोंगर कापला, नदी वळविली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. वाटेगावच्या माणसाची मैना गावावर राहिली. येथे गावच जागेवर राहिला नाही.

आज याच उलव्याच्या इमारतींत सातारा, बीड, बिहार, ओडिशाकडून आलेले कामगार राबतात. त्यांच्याही मैना गावावरच आहेत. मूळचा भूमिपुत्र आणि हा परका मजूर एकमेकांकडे संशयाने पाहतात. पण दोघांचेही काही मागे राहिले आहे. हे ओळखले तर दोघांना एका मांडवात बसविता येईल. अण्णा भाऊंनी तेच केले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या १ मे रोजी कोणी ‘माझी मैना’ धरली, तर त्याला शेवटपर्यंत गाऊ द्या. उशीर झाला तर आम्हां वक्त्यांची भाषणे कापा.