सरवटे, चंद्रशेखर त्रिंबक

(२२ जुलै १९२०–२३ डिसेंबर २००३). होळकर संघाचे अष्टपैलू क्रिकेटपटू, भारताचे कसोटी खेळाडू, राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य आणि पेशाने अंगुलिमुद्रातज्ज्ञ. ‘चंदू सरवटे’ या नावाने सर्वपरिचित. जन्म सागर येथे. निधन इंदूर येथे. (इंदूरच्या बसस्थानकाला असलेले सरवटे हे नाव यांचे नव्हे, ते संविधानसभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे यांचे.)

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांनी १९३६-३७ च्या हंगामात, वयाची सतरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पदार्पण केले. तथापि त्यांच्या गुणांना खरा वाव मिळाला तो इंदूर संस्थानात. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ठिकठिकाणच्या खेळाडूंना राजाश्रय देऊन उभा केलेला आणि कर्नल सी. के. नायडू यांच्या करड्या शिस्तीत वाढलेला होळकर संघ रणजी करंडकाच्या चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ च्या उपान्त्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या व सहा फलंदाजांनी शतके झळकावली. त्या सहांपैकी सरवटे एक (१०१), आणि त्याच सामन्यात म्हैसूरच्या एका डावातील नऊ गडी अवघ्या ६१ धावांत बाद करणारे फिरकी गोलंदाजही तेच. १९५०-५१ मध्ये बंगालविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या.

त्यांचे नाव क्रिकेटच्या दफ्तरात कायमचे नोंदले गेले ते मात्र मे १९४६ मध्ये, लंडनच्या ओव्हल मैदानावर. सरेविरुद्ध भारतीय संघाचे नऊ गडी २०५ धावांत परतले असता दहाव्या क्रमांकाच्या सरवटे यांना साथ देण्यास अकरावे फलंदाज शूटे बॅनर्जी आले. त्या सुमारास मैदानाच्या रखवालदाराने हंगामी कर्णधार विजय मर्चंट यांच्याकडे जाऊन डाव आटोपल्यावर खेळपट्टीवर कोणता रूळ फिरवावा अशी पृच्छा केली, अशी आख्यायिका आहे. रूळ फिरण्यास बराच अवकाश लागला. दोघांनी मिळून २४९ धावांची भर घातली. सरवटे १२४ धावांवर नाबाद राहिले, बॅनर्जींनी १२१ केल्या. शेवटच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतके करावीत, असे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अन्यत्र कोठे घडलेले नाही.

नऊ कसोटींत (१९४६–५१) २०८ धावा आणि तीन बळी, हा हिशेब इतका तुटपुंजा आहे की केवळ त्यावरून निवाडा करणारा सरवटे यांना सामान्य ठरवील. पण इंग्लंडमध्ये दहाव्या क्रमांकावर शतक ठोकणाऱ्या या गृहस्थास दीड वर्षाने ऑस्ट्रेलियात लिंडवॉल-मिलर या वेगवान गोलंदाजांसमोर सलामीस धाडण्यात आले, हेही विसरता कामा नये. मेलबर्न येथे विनू मंकड यांच्यासह १२४ धावांची सलामी देऊन त्यांनी ती कामगिरीही एकवार निभावली. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील ७,४३० धावा व ४९४ बळी हीच त्यांच्या योग्यतेची विश्वसनीय साक्ष होय.

इंग्लंडात निवृत्त खेळाडूला मेजवानीनंतरचे खुसखुशीत भाषण हा उपजीविकेचा मार्ग असतो. इंदूरकडे तशा भाषणांना पुरेल एवढा ऐवज होता. महू छावणीत नेमणूक झालेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून नाबाद २४९ धावा करून गेला, आणि शंभरावरील प्रत्येक धावेस बक्षीस कबूल करणारा धनिक ऐनवेळी ‘तातडीच्या कामासाठी’ कलकत्त्यास कसा निघून गेला, हे पुढे रंगवून सांगत राहिला. होळकर संघाचेच फलंदाज मुश्ताक अली यांनी आपल्या आठवणी ग्रंथरूपाने मांडल्या. सरवटे यांचा पेशा याच्या अगदी उलट, बोटांच्या ठशांतील रेषा भिंगाखाली ताडून पाहण्याचा होता. तो सांभाळून ते १९६७-६८ पर्यंत प्रथम दर्जाचे सामने खेळले, आणि १९८३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची निवड करणाऱ्या, गुलाम अहमद यांच्या अध्यक्षतेखालील समितीत त्यांचा समावेश होता.