असाहचर्य बीजगणित : इतिहास, संरचना आणि सिकलसेलची आनुवंशिकता

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. या आजाराची आनुवंशिकता आणि असाहचर्य बीजगणित यांचा संबंध ऐतिहासिक क्रमाने स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये मांडलेल्या क्वाटर्नियनमध्ये गुणाकाराची क्रमनिरपेक्षता राहिली नाही. साहचर्य मात्र टिकले. त्याच वर्षी ग्रेव्हज यांनी शोधलेल्या व १८४५ मध्ये केली यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेल्या ऑक्टोनियनमध्ये साहचर्यही उरले नाही. पुढे ली बीजगणिते आणि १९३४ मध्ये जॉर्डन, फॉन नॉयमन व विग्नर यांनी अभ्यासलेली जॉर्डन बीजगणिते हे प्रमुख वर्ग ठरले. १९३९ मध्ये एदरिंग्टन यांनी मेंडेलच्या नियमांना असाहचर्य बीजगणिताचे रूप दिले. १९४९ मध्ये शेफर यांनी या बीजगणितांच्या संरचनेचा अभ्यास केला. त्याच वर्षी नील यांनी सिकलसेलची आनुवंशिकता स्पष्ट केली.

संरचना :
'अ' हे सामान्य व 'स' हे सिकलसेलचे जनुक मानू. अ×अ = अ, स×स = स आणि अ×स = स×अ = १/२ अ + १/२ स. हा गुणाकार क्रमनिरपेक्ष आहे. परंतु (अ×अ)×स मध्ये 'स'चे प्रमाण १/२, तर अ×(अ×स) मध्ये ते १/४ येते. कंस बदलणे म्हणजे येथे वंशावळच बदलणे होय. 'क्ष' या घटकातील सहगुणकांची बेरीज, म्हणजे त्याचा भार, 'भ' असल्यास क्ष×क्ष = भक्ष. त्यामुळे साहचर्य नसूनही जॉर्डन अट पूर्ण होते. भार १ असताना क्ष×क्ष = क्ष; निवड नसलेल्या समाजात जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहते, या १९०८ च्या हार्डी-वाइनबर्ग नियमाचेच हे रूप आहे.

कोसंबींचे सूत्र :
गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांनी १९४४ मध्ये जनुकांमधील अंतरासाठी सूत्र दिले. त्यानुसार लगतच्या दोन खंडांतील पुनर्संयोगाची प्रमाणे 'प' व 'फ' असल्यास एकत्रित प्रमाण (प+फ)/(१+४पफ) होते. ही क्रिया मात्र साहचर्य पाळते. गुणसूत्रावरील खंड कसेही जोडले तरी उत्तर तेच येते. पिढ्यांबाबत तसे घडत नाही.

निष्कर्ष :
आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास आजार होण्याची संभाव्यता १/४ असते. आधीची अपत्ये निरोगी असली तरी ती बदलत नाही. तसेच अ×स = स×अ असल्याने दोष केवळ आईकडे देण्यास कोणताही आधार उरत नाही. वर्गात हे समीकरण शिकविताना एवढे सांगणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.