लोणारचा दगड आणि जपानी शब्द

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें गांव तेथील सरोवरामुळें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या गांवाचा जपानी भाषेशीं काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनांत सहज येईल. तो संबंध दगडाचा आहे. जपानी भाषेंत दगड दाखविणारें एक अक्षर आहे. तें एकदां ओळखलें म्हणजे लोणारची हकीकत सांगण्यास लागणारे कित्येक शब्द हातीं येतात. परकी भाषा शिकतांना सुटे शब्द घोकण्यापेक्षां त्यांचें कूळ ओळखणें किती लाभाचें असतें, हें आज या एका अक्षरावरून पाहूं.

जपानी लोकांनीं हीं अक्षरें चीनकडून घेतलीं. त्यांस ते कांजी म्हणतात. आपलें अक्षर ध्वनि सांगतें. कांजी अर्थ सांगते. दगडाचें अक्षर अवघ्या पांच रेघांचें आहे. वर कडा आणि त्याच्या पायथ्याशीं चौकोनी धोंडा, असें त्याचें रूप सांगतात. जपानी मुलें तें पहिल्या इयत्तेंतच शिकतात. नित्य व्यवहारासाठीं तेथील सरकारनें २०१० सालीं ठरविलेल्या यादींत २१३६ अक्षरें आहेत. हा आंकडा ऐकून नवा विद्यार्थी दचकतो. परंतु एकेक अक्षर अनेक शब्दांत उपयोगी पडतें, हें कळलें कीं त्याची भीति निम्मी होते.

लोणारचें विवर सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद असून तें काळ्या बसाल्ट खडकांत पडलेलें आहे. तें ज्वालामुखीनें झालें कीं आकाशांतून पडलेल्या अशनीनें, याविषयीं तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद होता. जपानींत ज्वालामुखी म्हणजे ‘काझान’, अर्थात् अग्नीचा डोंगर. अशनि म्हणजे ‘इन्सेकी’, अर्थात् पडलेला दगड. प्रचंड आघातावांचून तयार न होणारी कांच तेथील खडकांत सांपडली आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हा वाद ‘इन्सेकी’च्या बाजूनें सुटला.

हा शब्द कांहीं आजचा नव्हे. इसवी सनापूर्वीं ६४४ या वर्षीं सोंग राज्यांत पांच दगड आकाशांतून पडल्याची नोंद चीनच्या प्राचीन बखरींत आहे आणि तींतहि हींच दोन अक्षरें आहेत. जपानांत नोगाता येथें ८६१ सालीं पडलेला, सुमारें ४७२ ग्रॅम वजनाचा अशनि तेथील सुगा देवळांत अद्यापि जतन केलेला आहे. उच्चार बदलले, राज्यें गेलीं. अक्षरें मात्र तीं टिकलीं.

लोणार या नांवांत लवण आहे, आणि तेथील पाण्यांतहि खार आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐने अकबरी’च्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत, लोणारच्या परिसरांत कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें, असा उल्लेख आहे. जपानींत साबणास ‘सेक्केन’ म्हणतात. त्यांतील पहिलें अक्षर आपलें दगडाचेंच. दुसरें अक्षर ‘केन’, त्याचा अर्थ खार. ‘सेकी’ आणि ‘केन’ यांचा जणूं संधि होऊन ‘सेक्केन’ झाला. याच रीतीनें दगडी कोळसा ‘सेकितान’, खनिज तेल ‘सेकियु’, रत्न ‘होसेकी’ आणि अश्मीभूत अवशेष ‘कासेकी’, म्हणजे रूप पालटून झालेला दगड. आपल्याकडे शिलालेख, शिलाजित, कोनशिला हे शब्द एकाच घराण्यांतले आहेत, तसेंच हें.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. हें अक्षर एकटें असलें म्हणजे ‘इशि’ असें वाचतात. तो मूळचा जपानी शब्द. समासांत बहुधा ‘सेकी’ वाचतात. तो चिनी उच्चारावरून आलेला. यांत नवल नाहीं. आपणहि पांचाचा आंकडा पाहून ‘पांच’ म्हणतों, परंतु तिथि सांगतांना त्याच आंकड्याला ‘पंचमी’ म्हणतों. घरचा शब्द आणि संस्कृताचा शब्द एकाच खुणेनें दाखवितों. जपानांत चिनी उच्चार एकदम न येतां निरनिराळ्या काळीं आले. लोहचुंबकाच्या ‘जिशाकु’ या नांवांत याच अक्षराचा ‘शाकु’ हा जुना उच्चार राहिला. तांग राजवटीच्या काळीं आलेला ‘सेकी’ पुढें अधिक रूढ झाला. म्हणून उच्चारांची ही विविधता म्हणजे निव्वळ गोंधळ नसून दोन देशांच्या दळणवळणाचा इतिहास आहे.

या अक्षराचा आणखी एक उच्चार ‘कोकु’. आपल्याकडे खंडी, तसें तें धान्याचें माप. सुमारें १८० लिटर. १६०३ ते १८६८ या तोकुगावा अमदानींत सरदारांची दौलत कोकूंत मोजीत. कागा येथील माएदा घराणें तर दहा लक्ष कोकूंचें म्हणून प्रसिद्ध होतें.

कुळावरून अर्थ काढण्याच्या युक्तीलाहि मर्यादा आहे. ‘वाहणें’ आणि ‘दगड’ हीं दोन अक्षरें जोडून ‘सासुगा’ असें वाचतात. त्याचा अर्थ ‘अपेक्षेप्रमाणेंच, शाबास!’ असा कांहींसा आहे. तेथें ना प्रवाह, ना दगड. अशा वेळीं कोशच उघडला पाहिजे. तर्कानें वाट दिसते, परंतु पाऊल टाकण्यापूर्वीं खात्री करावी लागते.

तेव्हां जपानी शिकूं इच्छिणाऱ्या तरुणांस माझें सांगणें एवढेंच कीं, शंभर शब्दांची यादी घोकीत बसूं नका. एक अक्षर घ्या, त्याचें गोत काढा, त्याचे उच्चार कोणत्या काळीं कोठून आले तें पाहा. मग शब्द स्मरणांत राहतील, आणि त्यांच्यासंगें एका राष्ट्राचा इतिहासहि राहील.