एका इंजिनाची साक्ष

इतिहास कागदपत्रांच्या आधारे लिहिला जातो, आणि ज्याचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले त्याला तर कागदावाचून दुसरा पुरावा ठाऊकच नसतो. आम्हीही त्याच पंथातले. तथापि मागील वर्षी बेळगावनजीकच्या एका खेड्यात एका जुन्या ट्रकचे इंजिन आमच्यासमक्ष उघडले गेले, आणि आमच्या या निष्ठेला तडा गेला.

प्रथम त्या इंजिनाची कुळकथा. जर्मनीतील बेंझ कंपनीने डिझेलवर चालणारा ट्रक १९२३ साली रस्त्यावर आणला. १९२७ पासून बॉशचे इंधनपंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि डिझेल इंजिनाचा मालवाहतुकीतील मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे ही विद्या रुजली ती प्रामुख्याने १९५४ नंतर. रेल्वेची इंजिने बांधण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने त्या वर्षी डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला, आणि जमशेदपुरातून ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये करार संपला. रेडिएटरवरील तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले, परंतु इंजिनाचा वंश तोच राहिला. ‘६९२’ या नावातच त्याची ओळख आहे : सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर.

या इंजिनांच्या घडणीत झिजेचा हिशोब आधीच धरलेला असतो. क्रँकशाफ्टचे जर्नल झिजले की ते पाव मिलिमीटरने घासून गोल करावयाचे व तेवढीच जाड बेअरिंगे बसवावयाची. पुन्हा झिजले की आणखी पाव. आमच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडवणारे कारखाने उभे राहिले, त्यांना हे गणित तोंडपाठ आहे. त्यातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी : घासलेले पोलाद पुन्हा भरून येत नाही.

आता आमचा संबंध. तो ट्रक १९७४ चा, एका सरकारी खात्याचा. १९९१ मध्ये तो निकालात काढण्याचे टिपण आम्हीच लिहिले. नोकरीतले ते आमचे तसले पहिलेच टिपण, म्हणून त्याची प्रत जपून ठेवली आहे. वाहनाच्या नोंदवहीत दोन मोठ्या दुरुस्त्या दाखल होत्या. क्रँक दोनदा घासून अर्धा मिलिमीटर कमी मापावर आणल्याचे व नवी बेअरिंगे घातल्याचे लिहिले होते, बिलेही जोडलेली होती. ट्रकचा चालक आम्हाला म्हणाला होता, “साहेब, इंजिन कधी उघडलंच नाही. धूर मारतंय ते पंपामुळं.” त्याच्यापाशी कागद नव्हता. “दोन दुरुस्त्यांनंतरही इंजिन निकामी, चालकाची हयगय,” असे आम्ही लिहिले. बॉनेट उघडून पाहिले नाही. त्याची वेतनवाढ रोखली गेली.

लिलावात घेणाऱ्याने टायर व बॅटरी काढून घेतली आणि सांगाडा शेताच्या कडेला टाकला. एअर क्लीनरही कोणी नेले होते. त्या उघड्या तोंडातून तीस पावसाळे आत गेले. इंजिन जॅम झालेले होते. मिस्त्रींनी हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या व सहाव्या सिलिंडरात गंजाचा लाल चिखल होता, उरलेल्या चारांत केवळ काजळी. सहा सिलिंडर एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या क्रमाने पेटतात. इंजिन थांबले त्या क्षणी तीन आणि सहा या लागोपाठच्या सिलिंडरांचे हवेचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असले पाहिजेत. पाणी तेथूनच उतरले. इंजिन चालून झिजले नव्हते, उभे राहून गंजले होते.

पिस्टनांवर डिझेल व रॉकेल ओतून आठ दिवस भिजत ठेवले, नंतर लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकत ते सोडवले. चेंबर उतरला, क्रँक बाहेर आला. तो तेलात राहिल्याने शाबूत होता. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला, सर्व जर्नल मापले, पुन्हा मापले आणि म्हणाले, “साहेब, हा क्रँक ग्राइंडिंगला कधी गेलेलाच नाही बघा. कारखान्याच्याच मापाचा आहे.” बेअरिंगेही मूळ मापाचीच निघाली. पंप तपासणीस पाठवला, तेव्हा सहा नळ्यांना डिझेल कमीजास्त जात असल्याचे आढळले; नोझल फवारा न मारता ठिबकत होते. धुराचे कारण चालकाने सांगितले तेच होते.

पुढील काम रीतसर झाले. दोन सिलिंडरांत नवे लायनर दाबून ते बोअर करून मापात आणले, हेडचा पृष्ठभाग सपाट केला, व्हॉल्व्ह बसवले, सर्व रिंगा नव्या घातल्या, क्रँकला केवळ पॉलिश दिले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. इंधनातली हवा काढल्यावर तिसऱ्या खेपेला इंजिन पेटले. पांढरा धूर हळूहळू विरला आणि सहा सिलिंडरांचा तो एकसंध आवाज शेतात घुमू लागला.

जमलेल्यांनी नारळ फोडला. आम्हाला मात्र त्या चालकाची आठवण होत होती. तो आज हयात नाही. त्याची वेतनवाढ परत देणे कोणाच्याच हाती उरलेले नाही. नोंदवहीतील खोटे कोणी लिहिले, हे सांगावयास आमच्यापाशी पुरावा नाही. पण ते खरे मानून सही करणारा हात आमचा होता.

घरी आल्यावर ती जुनी प्रत काढली आणि आमच्या सहीखाली क्रँकची सर्व मापे तारखेसह लिहून ठेवली. पुढे कधी कोणी तो कागद पुरावा म्हणून वाचला, तर लोखंडाची साक्षही त्याला त्याच पानावर मिळावी.