त्या रात्रीची तिथी

मराठ्यांच्या आरमारावर व्याख्याने देणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी होडीत पाय ठेवला असेल, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर देणे कठीण जाईल. इतरांची गोष्ट कशास? आमचीच सांगतो. हे प्रकरण आम्ही अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आलो. गुराब कोणती व गलबत कोणते, कान्होजी आंग्रे कोणत्या साली वारले, हे सारे आम्हांस मुखोद्गत आहे. तथापि समुद्राशी आमचा परिचय काय तो वाळूवर उभे राहून पाहण्यापुरता. गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या नातवंडांनी ही उणीव आमच्या पदरात घातली.

नातू नऊ वर्षांचा, नात सात वर्षांची. आजोळी आल्याबरोबर दोघांनी हट्ट धरला की, आजोबांनी आम्हांला होडीतून मासे धरावयास न्यावे. कन्या व जावई यांनीही त्यांचीच बाजू घेतली. अखेर आम्ही सर्व राजपुरीस जाऊन पोहोचलो. मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाशीच जंजिऱ्याचा किल्ला पाण्यात उभा आहे. मासळी न मिळाली तरी इतिहास मिळेल, असा आमचा धूर्त हिशेब होता.

ज्यांच्या होडीतून जावयाचे ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. सारा कोळीवाडा त्यांस तांडेल म्हणतो. आम्हीही तसेच म्हणू. उद्या किती वाजता निघावे, असे विचारता त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "उद्या अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती पुरी होईल, मग निघू." मुले चकित झाली, खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ सुमाराने तासांत निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पुनवेस व अवसेस बाराच्या आसपास. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते, हे आम्ही भूगोलात शिकलो होतो. पण ते ज्ञान आमच्यापाशी पुस्तकात राहिले, आणि तांडेलांपाशी बोटांच्या पेरांवर. आमच्या वडिलांच्या पिढीस शाळेत पाऊणकी घोकावी लागे. तिचा एवढा सुंदर उपयोग आम्हांस कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी निघालो. माथ्यावर अर्धा चंद्र होता. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा शिडात भरला, आणि ओहोटीचे पाणीही आम्हांस बाहेरच नेत होते. दुपारी खारे वारे सुटतील, भरती लागेल व तीच आपणांस घरी आणील, असे तांडेलांनी मुलांस समजाविले. अष्टमीस भांग असतो, म्हणजे पाण्यास ओढ कमी; म्हणून गळ टाकण्यास दिवस बरा. उधाणाच्या दिवसांत पाणी जोरात धावते, आणि तेव्हा खुंटास बांधलेली डोल जाळी भरतात. म्हणजे मासेमारीचा प्रत्येक प्रकारही पंचांगास बांधलेला!

जंजिरा मागे टाकून, पद्मदुर्ग दृष्टीच्या टप्प्यात येताच नांगर टाकला. गळास कोळंबीचे आमिष लावून मुले बसली. पहिला मान नातीस मिळाला. तिच्या दोरीस शिंगाळा लागला. तांडेलांनी तो फडक्यात धरून आधी त्याचे विषारी काटे मोडले आणि मगच तिच्या हाती दिला. नातवाचा गळ दोनदा रिकामा आल्यामुळे तो रुसला, आणि त्याची समजूत घालण्यासाठी आम्ही आमचे दुकान उघडले. म्हणजे गोष्ट सांगू लागलो.

हे बेट मुळात कोळ्यांचेच. त्यांचा नायक राम पाटील याने येथे लाकडी मेढेकोट उभारला होता, तो निजामशाही सरदाराने कपटाने घेतला, अशी परंपरा आहे. पुढे ते सिद्दीचे बलस्थान झाले. शिवाजी महाराजांनी त्याच्या समोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधविला. इ. स. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्यावर मोहीम केली. त्या प्रसंगी लाय पाटील नावाच्या कोळी सरदाराने रात्री आपल्या माणसांनिशी जाऊन तटास शिड्या लाविल्या, मोरोपंतांच्या लोकांची वाट पाहिली, आणि ते न आल्यामुळे पहाट होता होता शिड्या काढून तो परतला, अशी हकीकत सांगतात. महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्यास पालखी कशास, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्यास एक गलबत बांधून दिले व त्याचे नावच 'पालखी' ठेविले.

मुलांस पालखीचा भाग फार आवडला. नात म्हणाली, "पण आजोबा, ते आणखी थोडे का नाही थांबले?" आम्ही आमचे ठरलेले उत्तर देणार, इतक्यात सुकाणूजवळून तांडेलांनी विचारले, "मास्तर, त्या राती तीथ कंची व्हती?"

आम्ही गप्प झालो. हा प्रसंग आम्ही किमान पंचवीस वेळा वर्गात रंगवून सांगितला असेल. दरवेळी त्याचे तात्पर्य एकच: लाय पाटलाचे धैर्य आणि इतरांची हलगर्जी. तिथीचा विचार आमच्या मनास एकदाही शिवला नव्हता. तांडेलांस मात्र त्यावाचून गोष्ट अपुरी वाटत होती. त्यांचे म्हणणे आमच्या भाषेत असे: उधाणाच्या दिवशी भरतीओहोटीच्या पाण्यात पुरुषभर उंचीहूनही अधिक फरक पडतो. भरतीस तटाला पुरलेली शिडी ओहोटीस अपुरी पडते. माणसांनी भरलेली होडी धावत्या पाण्यात तटाशी धरून ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. एक वेळ माणूस वाट पाहील, पण पाणी वाट पाहत नाही. पाणी फिरले की धैर्य असूनही परतावे लागते.

ह्यावरून मोरोपंत निर्दोष ठरतात, असे आमचे म्हणणे नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. आपला बहुतेक इतिहास जमिनीवर बसून लिहिलेला आहे. बखरकार देशावरचे, कारकून कचेरीतले, आणि आम्ही प्राध्यापक तर व्यासपीठावरचे. जमिनीवर उशीर म्हणजे केवळ उशीर. रसद चार दिवसांनी पोहोचली तर चार दिवसांची उपासमार होते, पण रस्ता जागच्या जागी असतो. समुद्रावर एक वेळ चुकली की वाटच नाहीशी होते.

महाराजांना हे कळत होते. पद्मदुर्गास पैसा व धान्य वेळेवर न पोहोचविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास त्यांनी १६७५ च्या जानेवारीत लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. शत्रूने तुला फितविले आहे काय, असा त्यात सवाल आहे, आणि तू ब्राह्मण म्हणून तुझी भीड धरली जाणार नाही, अशी ताकीदही आहे. ते पत्र आम्ही वर्गात निःपक्षपाती न्यायाचा दाखला म्हणून वाचून दाखवीत असू. त्या सकाळी पद्मदुर्गाचा तो एकाकी खडक डोळ्यांसमोर असताना त्यातील संतापाचे दुसरे कारण आम्हांस प्रथमच उमगले. चोहोंकडे खारे पाणी आणि समोर शत्रू, अशा ठिकाणी बसलेल्या माणसांचे जीव जमिनीवरच्या एका अंमलदाराच्या सवडीवर टांगलेले होते. पुढे हे भान सुटत गेले. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यास दडपले, आणि विजयदुर्गापाशी आपलेच आरमार जळाले. त्या कलहात तुळाजीचाही दोष होता. परंतु घाटावरच्या मुत्सद्द्यांस आपण काय जाळू देत आहो याची किंमत कळली नव्हती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दुपारी तांडेलांनी सांगितल्याप्रमाणे वारा फिरला व भरतीने आम्हांस परत आणिले. टोपलीत तीन शिंगाळे व काही ढोमे होते. नातवाने शेवटी एक ढोमा धरून आपली अब्रू राखली.

होडीत तांडेलांचा नातूही होता, बारा वर्षांचा, चलाख. त्यास आम्ही विचारले, "तुला येते का रे ही पाऊणकी?" तो हसून म्हणाला, "मोबाईलवर येते ना भरतीची वेळ." तांडेल काही बोलले नाहीत. मुलाचे चुकले असे आम्हीही म्हणणार नाही. मोबाईल वेळ अचूक देतो, आणि नातवाने शिकून नोकरी करावी हीच तांडेलांची इच्छा आहे. परंतु कोळ्यांचा इतिहास कोणी कागदावर लिहून ठेविला नाही. आजाने नातवास होडीत बसवावे आणि वारा, पाणी व तिथी सांगावी, हेच त्यांचे दफ्तर. कागदास वाळवी लागली तर निदान दिसते. हे दफ्तर जाते तेव्हा आवाजही होत नाही.

परतीच्या वाटेवर आमचा नातू बोटे मोजीत पाऊणकी घोकीत होता. सहाच्या पुढे अडखळत होता. घरी आल्यावर आम्ही व्याख्यानाची जुनी वही काढली. १६७६ च्या मोहिमेच्या पानावर 'हलगर्जी' हा शब्द तांबड्या शाईने अधोरेखित केलेला होता. तो आम्ही खोडला नाही. समासात फक्त एक शब्द लिहिला, 'तिथी?'