काल्डर यांचे अनामित झुलते शिल्प

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांचे अखेरचे भव्य झुलते शिल्प. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधील पूर्व इमारतीच्या मध्यवर्ती दालनात ते नोव्हेंबर १९७७ मध्ये, काल्डर यांच्या निधनानंतर वर्षभराने, टांगले गेले. रुंदी सुमारे २३ मीटर, वजन मात्र ४१७ किलोच. पोलादी घडण फार जड झाली असती, म्हणून कलाकार पॉल मातिस यांनी पोकळ जाळीदार गाभ्याची ॲल्युमिनियमची पाती बनवली. कल्पना आणि तंत्र यांची इतकी नेमकी जुळणी विरळाच! मोटार नाही, लाल व काळी पाती आणि एक निळे पाते दालनातल्या हवेवरच संथ फिरतात. काल्डर यांचा भारताशीही दुवा आहे: १९५५ मध्ये त्यांनी अहमदाबादेत साराभाई कुटुंबाकडे राहूनही झुलती शिल्पे घडवली होती.