होदिगेरेची समाधी

बंगळूरच्या इंदिरानगरातून वायव्येस निघालेला प्रवासी दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यात शिरला, की सुपारीच्या बागा दिसू लागतात. याच तालुक्यात सूळेकेरे हा विस्तीर्ण, प्राचीन तलाव आहे. मराठी माणसाची पावले मात्र होदिगेरेकडे वळावीत. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरेच्या परिसरात शिकारीत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. तेथील त्यांची समाधी साधी, दगडी आहे. रायगडी लोटणारा यात्रेकरू इकडे क्वचितच फिरकतो, हे काही भूषण नव्हे. बंगळूर तर मोगलांनी १६८७ मध्ये जिंकले आणि पुढे तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवरायास विकले. समाधी कानडी मुलखाने जपली.